लास वेगासचं जड पाणी: डाग, डाळ, केस आणि दारावरचा विक्रेता

रानजाई
सिअ‍ॅटलहून लास वेगासला आलोय. तिथलं पाणी इतकं मऊ होतं की क्षार वगैरेचा विचार कधी डोक्यात आलाच नाही. इथे पेले धुवून उपडे घातले की वाळल्यावर पांढरे ठिपके. शॉवरच्या काचेवर ओघळ जसेच्या तसे उमटलेत. किटलीच्या तळाला पांढरी खपली धरलीय, नखाने खरवडली तर पापुद्रे निघतात. केस राठ झालेत, धाकट्याचे कोपर आणि गुडघे सतत कोरडे. आणि तूरडाळ! नेहमीच्या शिट्ट्या होऊनही घोटताना दाणा हाताला लागतो.

त्यात परवा दारावर एक विक्रेता आला. एका पेल्यात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत सळ्यांचं एक यंत्र बुडवलं. मिनिटाभरात आमचं पाणी तपकिरी, वर गढूळ साका. त्याचं पाणी नितळ. "हेच तुमची मुलं पितात," म्हणाला. सासूबाई तेव्हापासून नळाच्या पाण्याला हात लावायला तयार नाहीत. आज सही केली तरच सवलत, असं चाललं होतं. सही केली नाही.

घर भाड्याचं आहे. पाणी पिण्यालायक आहे ना? सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) घ्यावा का? इथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा.

घाटमाथा
सही केली नाहीत हे फार बरं झालं. आजच्या आज सही मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करायचा.

कोयनाकाठ
आधी पेल्यांचं सांगते, कारण सासूबाईंची भीती पहिल्यांदा जायला हवी. त्या यंत्राच्या सळ्यांपैकी निदान एक लोखंडी असते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, आणि वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं. तो तपकिरी साका म्हणजे सळीचा गंज. नळात तो नव्हताच. विक्रेत्याचं पाणी आरओचं असतं. त्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. त्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग परत करायला सांगा, तेही तपकिरी होईल. कोणी पुन्हा आलाच तर सासूबाईंच्या देखत हे जरूर करून घ्या. लहान मुलांच्या आईला असं घाबरवून माल खपवणं मला मनापासून चीड आणतं.

आता पाणी. इथल्या पाण्याची कठीणता, म्हणजे जडपणा, लिटरला २८० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे गॅलनला साधारण १६ ग्रेन. १८० च्या वर गेलं की ते 'अतिकठीण' धरतात. हे मोजमाप कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं. दोन्ही आपण दुधातून, भाजीतून घेतोच. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणतेवर आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही. ईपीएची (अमेरिकेचं पर्यावरण खातं) टीडीएससाठी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी, लिटरला ५०० मिलिग्रॅम ही जी मर्यादा विक्रेते दाखवतात, ती चव आणि डाग यांच्यासाठीची शिफारस आहे, सक्ती नव्हे. सिअ‍ॅटलच्या पाण्यापुढे इथलं पाणी जिभेला मचूळ लागणारच. पण ते पिण्यालायक आहे, निर्धास्त राहा.

तांबडी_माती
हे क्षार येतात कुठून तेही सांगतो. लास वेगासचं सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, लेक मीड या तिच्यावरच्या धरणाच्या तलावातून येणारं. उरलेलं जमिनीखालचं. नदी रॉकी पर्वतातून निघते तेव्हा वितळलेल्या बर्फाचं गोड पाणी असतं. मग शेकडो मैल चुनखडी, जिप्सम आणि खारट थरांमधून येताना ते विरघळवत येते. वाटेतली शेतं पाणी पितात आणि जमिनीतले क्षार घेऊन उरलेलं पाणी परत नदीत सोडतात. शेवटी वाळवंटात धरणामागे साठलं की वरून बाष्पीभवन. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. इथे वर्षाला जेमतेम १० सेंटीमीटर पाऊस, तेव्हा ते सौम्य करायला वरून काही मिळत नाही.

खालच्या टोकाला मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांपर्यंत हे पाणी इतकं खारं पोचू लागलं की १९७३ मध्ये दोन देशांत त्यावर करार झाला आणि १९७४ मध्ये अमेरिकेने या नदीच्या क्षारनियंत्रणाचा कायदाच केला. तेव्हा तुमच्या किटलीतली खपली ही फार जुन्या आणि फार मोठ्या भानगडीचं शेपूट आहे.

चैत्रपालवी
फिनिक्सहून. आमच्याकडे सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांचं पाणी, शिवाय ३३६ मैलांच्या कालव्यातून आलेलं कोलोरॅडोचं. डाग अगदी हेच. कोणत्या महिन्यात कुठलं पाणी जास्त मिसळतात त्यावर चव बदलते, हे जाणवतं. बाकी सगळं रानजाईंनी लिहिलंय तसंच.

पाना_पक्कड
एक गोष्ट ध्यानात ठेवली की निम्मी डोकेदुखी जाते: जड पाणी वाहतं तेव्हा फारसा त्रास देत नाही. ते जिथे तापतं आणि जिथे वाळतं तिथे क्षार बसतात. तापतं म्हणजे किटली, वॉटर हीटर, कॉफी मशीन, डिशवॉशर. वाळतं म्हणजे काच, नळाचं टोक, शॉवरची चाळणी, कुंडीची कड. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला बायकार्बोनेट मोडतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खाली चुना बसतो. तुमच्या पाण्यात हजार लिटरमागे पाव किलोहून जास्त असा माल आहे. सगळा बसत नाही, पण थोडा बसला तरी पुरे.

भाड्याच्या घरात लगेच करण्यासारखं:

किटली अर्धी भरा, चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड (आपलं लिंबूसत्त्व) टाका, उकळून अर्धा तास ठेवा. खपली आपोआप सुटून येते, घासायची गरज नाही. शॉवरच्या चाळणीला व्हिनेगर भरलेली प्लास्टिकची पिशवी रबरबँडने रात्रभर बांधा. नळाच्या टोकाची जाळी फिरवून काढा आणि वाटीत व्हिनेगर घेऊन बुडवा. धार तिरकी उडत असेल तर बहुतेकदा जाळीत चुन्याचे कण अडकलेले असतात. सोनेरी किंवा काळ्या मुलाम्याच्या नळांवर मात्र व्हिनेगर तास न् तास ठेवू नका, मुलामा जातो.

ओटा संगमरवरी असेल तर व्हिनेगर आणि लिंबू दोन्ही वर्ज्य. आणि व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा कुठलंही आम्ल ब्लीचसोबत कधीही वापरू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हे फार धोक्याचं आहे. बाटलीवर 'चुना काढणारं' लिहिलेलं असलं की आत आम्लच असतं, हेही लक्षात घ्या.

शॉवरच्या काचेला एकच औषध: आंघोळ झाली की वायपर फिरवायचा. घरातल्या प्रत्येकाने.

रानजाई
खूप आभार. सासूबाईंना कोयनाकाठ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. मिठाचा प्रयोग करायला त्याच आता जास्त उत्सुक आहेत. पेल्यांवर व्हिनेगर लावून पाहिलं, नव्या पेल्यांचे ठिपके गेले. पण दोन जुन्या पेल्यांचा धुरकटपणा काही केल्या जात नाही. आणि डाळीचं काय?

कोयनाकाठ
व्हिनेगरने जातो तो क्षाराचा थर. जात नाही ती काचेची झीज. काचेचा पृष्ठभागच खाल्ला गेलेला असतो, तो परत येत नाही. ही झीज मऊ पाणी, गरम धुलाई आणि जास्त डिटर्जंट एकत्र आले की होते, तेव्हा ते दोन पेले सिअ‍ॅटलहूनच तसे आले असतील. सॉफ्टनर बसवणाऱ्यांनीही याकडे लक्ष द्यावं: पाणी मऊ झालं की डिशवॉशरचा साबण कमी करा.

डाळ: डाळीच्या दाण्याला धरून ठेवणारं पेक्टिन असतं. पाण्यातलं कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधतं, म्हणून दाणा अख्खा राहतो. भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला आरओचं पाणी वापरा. नुसतं शिजवताना बदललं तर अर्धाच फायदा, कारण भिजतानाच दाणा कॅल्शियम आत घेतो. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावर. आम्लानेही दाणा आवळतो, आणि जड पाण्यात हे दुप्पट जाणवतं. राजमा, छोले, चवळी भिजवताना पाण्यात थोडं मीठ घाला, सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. चिमूटभर खायच्या सोड्याने तर लगेच फरक दिसतो, पण त्याने बी-१ जीवनसत्त्वाची नासाडी होते आणि चवही साबणासारखी लागू शकते, म्हणून तो रोज नको.

कुकरमध्ये भांडी ठेवून शिजवत असाल तर तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाका. आई चिंचेचं बुटूक टाकायची. तळाला चुना धरत नाही.

चहावर येणारा तेलकट तवंगही याच कुटुंबातला. चहातले पॉलिफेनॉल आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून ती साय धरते. कोऱ्या चहात लिंबू पिळलं की नाहीसा होतो.

अंगणबाग
डाळीवरून आठवलं, कढीपत्ता! दोन कुंड्या आहेत, पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. कुंडीच्या कडेला पांढरी किनार. खत घालून पाहिलं, काही उपयोग नाही. कोणाचा कढीपत्ता नीट आहे का इथे?

तांबडी_माती
शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे लोह कमी पडतंय. मातीत लोह असतं, पण जड पाण्याने माती अल्कली होत जाते आणि मुळांना ते उचलता येत नाही. साधं खत वाढवलं तर क्षारच वाढतात. अल्कली मातीतही काम करणारं चिलेटेड लोह मिळतं, ते घ्या. पाकिटावर 'ईडीडीएचए' लिहिलेलं पाहा, इथल्या मातीत तेच टिकतं. रोज वाटीभर पाणी घालायची सवय सोडा. त्याने पाणी वरच्या वर वाळतं आणि क्षार मुळांपाशी साठतात. दिवसाआड घाला, पण कुंडीच्या भोकातून भरपूर वाहून जाईल इतकं घाला. वर्षातून एकदा माती बदला.

सॉफ्टनरचं पाणी झाडांना मुळीच नको, सोडियमने माती घट्ट होते आणि मुळं जळतात. आरओचं निथळ, म्हणजे जे पाणी गटारात जातं, तेही कुंडीला नको. ते नळापेक्षा जास्त खारं असतं.

इथे जमिनीत खणलं तरी फूट-दीड फुटावर काँक्रीटसारखा पांढरा थर लागतो बऱ्याच ठिकाणी. तोही चुनाच, कॅलीची. त्यामुळे झाड जमिनीत लावायचं तर आधी खड्ड्यात पाणी भरून ते मुरतं का बघा.

घाटमाथा
आता सॉफ्टनरबद्दल माझं मत. स्वतःचं घर असेल तर घ्यावा. आमच्या वॉटर हीटरमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. तळाशी चुन्याचा थर बसला की त्याखाली अडकलेलं पाणी उकळतं, त्याचा तो आवाज. गॅस जळतो, पण ऊब थराच्या वर जात नाही. टाकी काढली तेव्हा तळाशी खडीसारखे तुकडे होते, पाच बोटांनी उचलावे इतके मोठे. सॉफ्टनर लावल्यापासून नवी टाकी गप्प आहे. कपडे मऊ, साबण निम्मा. इथल्या बऱ्याच घरांत गॅरेजमध्ये सॉफ्टनरसाठी पाइपची जोडणी बांधतानाच काढून ठेवलेली असते, तेव्हा तोडफोडही नाही.

एक तक्रार: टीडीएस मीटरने सॉफ्टनरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मोजलं, आकडा जवळपास तोच. बसवणाऱ्याने फसवलं की काय?

कोयनाकाठ
फसवलं नाही. सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. आतल्या रेझिनच्या मण्यांवर सोडियम असतं. पाणी त्यातून जाताना कॅल्शियम मण्यांवर थांबतं आणि बदल्यात सोडियम पाण्यात येतं. टीडीएस मीटर एकूण क्षार बघतो, म्हणून आकडा हलत नाही. कठीणता मोजायला वेगळ्या पट्ट्या किंवा थेंबांची किट मिळते, ती आणा.

सोडियम किती वाढतं ते सांगते. आपल्या पाण्यात लिटरला सुमारे १३० मिलिग्रॅम. पेलाभर पाण्यात ३० च्या थोडं वर. मोठ्या माणसाने दिवसभरात २००० च्या आत राहावं असं म्हणतात, म्हणजे निरोगी माणसाला फार नाही. पण रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा तान्ह्या बाळाची दुधाची पावडर असेल तर ते पाणी नको. स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याला आरओ लावा. आरओ हे सोडियमही काढतो.

पाना_पक्कड
हीटरबद्दल भर. सॉफ्टनर नसला तरी टाकी वर्षातून एकदा धुतली तर बरीच वर्षं काढते. गॅस पायलटवर (विजेची असेल तर ब्रेकर बंद), थंड पाण्याचा कॉक बंद, टाकी निवू द्या, खालच्या तोटीला नळी जोडून बाहेर सोडा, घरातला एक गरम नळ उघडा ठेवा. रिकामी झाली की थंड पाणी क्षणभर जोरात सोडा म्हणजे तळ ढवळून निघेल. विजेची टाकी पुन्हा पूर्ण भरल्याशिवाय ब्रेकर चालू करू नका, कॉइल जळते. खूप वर्षं हात न लावलेल्या टाकीची तोटी स्वतः उघडू नका, चुन्याने ती परत बंद होत नाही, प्लंबर बोलवा. तापमान १२० फॅरनहाइटला ठेवलंत तर चुना कमी बसतो. टाकी नसलेला हीटर असेल तर त्याला वर्षाला व्हिनेगरची धुलाई लागतेच. आत पाण्याच्या वाटा अरुंद असतात, लवकर तुंबतात. भाडेकरूंनी यातलं काही स्वतः करू नये, घरमालकाला लेखी कळवावं.

तांबडी_माती
घाटमाथा, तुमच्या मुद्द्याला धरून एक दुसरी बाजू मांडतो, कारण मला ती महत्त्वाची वाटते. या शहरात घरात वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध होऊन 'वॉश' नावाच्या ओढ्यातून परत लेक मीडमध्ये जातं. म्हणूनच नदीतला नेवाडाचा (आपल्या राज्याचा) छोटासा वाटा इतक्या लोकांना पुरतो. पण सांडपाणी शुद्धीकरणात मीठ निघत नाही. सॉफ्टनर आपले रेझिनचे मणी मिठाच्या पाण्याने धुतो, त्यासाठी वापरलेलं मिठाचं प्रत्येक पोतं तलावात पोचतं, आणि तिथून अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, मेक्सिकोच्या शेतात. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा खोऱ्यात नदीतलं क्लोराइड इतकं वाढलं की २००८ मध्ये लोकांनी मतदान करून घरगुती मिठाचे सॉफ्टनर बंद केले.

घेऊ नका असं म्हणत नाही. घेणार असाल तर घड्याळावर चालणारा नको, वापर मोजून धुणारा घ्या. घड्याळवाला तुम्ही गावाला गेलात तरी मीठ ओततो. कठीणता खऱ्या आकड्यावर लावा, बसवणारे हात सैल सोडतात. बाहेरच्या नळाला त्याची जोडणी नको.

आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याची मात्र इथे त्या मानाने कमी काळजी, तेही परत तलावातच जातं. तरी चांगलं यंत्र घ्या. वॉटरसेन्सचं (पाणी वाचवणाऱ्या यंत्रांना मिळणारं) लेबल असलेलं एका गॅलनमागे २.३ गॅलनपेक्षा जास्त सोडत नाही, साधी यंत्रं ५ किंवा त्याहूनही जास्त सोडतात.

घाटमाथा
हा विचार केला नव्हता. आमचा घड्याळावरचाच आहे. बदलायला काढतो.

चैत्रपालवी
बिनमिठाचे 'कंडिशनर' चालतात का? आणि पाइपला लावायची चुंबकं?

कोयनाकाठ
चुंबकांवर पैसे घालू नका, भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. बिनमिठाच्या यंत्रांपैकी चांगली यंत्रं कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक करतात, ते भिंतीला कमी चिकटतात. हीटरला मदत होते. पण पाणी मऊ होत नाही, साबण तसाच राहतो, काचेवर डाग पडतातच. 'सॉफ्टनर' म्हणून विकत असतील तर ते खोटं आहे. कुठलंही यंत्र घेताना प्रमाणपत्र बघा: मिठाच्या सॉफ्टनरला एनएसएफ ४४, आरओला एनएसएफ ५८.

रानजाई
धाकट्याच्या कोरड्या त्वचेचं कोणी सांगेल का? आणि केस?

कोयनाकाठ
जड पाण्यात साबण कॅल्शियमशी मिळून चिकट साका करतो, तो अंगावर राहतो. वडीचा साबण बंद करून साबणविरहित सौम्य वॉश वापरा, त्याचा साका होत नाही. आंघोळ कोमट आणि थोडक्यात, अंग ओलसर असतानाच मलम. पण एक्झिमा असेल तर सॉफ्टनरने बरा होईल या आशेवर खर्च करू नका. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर याची रीतसर चाचणी झाली होती, २०११ मध्ये निष्कर्ष आले, सॉफ्टनरने जास्तीचा फायदा दिसला नाही. इथल्या कोरड्या हवेचाच मोठा वाटा आहे. फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

केसांना आठवड्यातून एकदा चिलेटिंग (केसांवरचे क्षार धरून काढणारा) शाम्पू, बाटलीवर ईडीटीए पाहून. रोज नको, केस रुक्ष होतात. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर क्लोरीन कमी करतात, कठीणता नाही.

अंगणबाग
कोरड्या हवेसाठी ह्युमिडिफायर लावणार असाल तर नळाचं पाणी घालू नका. आमच्याकडे टीव्हीवर, देव्हाऱ्यावर पांढरी भुकटी बसायची, आधी वाटलं बाहेरची धूळ. अल्ट्रासॉनिक यंत्र पाण्याबरोबर क्षारही हवेत उडवतं. लिटरभर पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून जास्त क्षार, आणि ते लेकराच्या खोलीत. डिस्टिल्ड किंवा आरओचंच घाला.

देव्हाऱ्यावरून आठवलं, तांब्या-पितळेची देवाची भांडी चिंचेने घासून निथळत ठेवू नका, लगेच कोरड्या फडक्याने पुसा. नाहीतर चकाकी येते आणि तासाभरात ठिपके.

रानजाई
इतकी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय: सॉफ्टनर नाही, घरमालकाला हीटरबद्दल ईमेल, स्वयंपाकघरात आरओ. फक्त मालक ओट्याला भोक पाडू देणार नाहीत. काही उपाय?

पाना_पक्कड
भोक लागत नाही. ओट्यावर ठेवायचे आरओ मिळतात, दोन प्रकारचे. एक नळाच्या जाळीच्या जागी जोड बसवून चालतो, दुसरा टाकीत पाणी भरून विजेवर. पहिला घेतलात तर नळाची मूळ जाळी पिशवीत घालून सिंकखाली चिकटवून ठेवा, घर सोडताना परत लावावी लागेल. ओढून बाहेर येणारा नळ असेल तर जोड बसत नाही, मग दुसराच. मेम्ब्रेनला (आतल्या गाळणाऱ्या पडद्याला) जड पाण्याचा त्रास होतो, त्यामुळे धार बारीक झाली की मेम्ब्रेन बदला. नवीन यंत्राच्या पहिल्या काही टाक्या ओतून द्यायच्या असतात, पुस्तिकेत आकडा असेल तेवढ्या. त्यानंतरच्या पाण्यात डाळ भिजवा.